मागचा आतला टायर

सकाळी बस धुवायला थोरली सून लागायची, आणि तीच बस प्रवासाला निघताना थोरली कोणाच्या नजरेला पडता कामा नये, असा त्या घरचा नियम होता. यात काही विचित्र आहे असं घरात कोणालाच वाटत नव्हतं. लांबचा पल्ला करून आलेल्या बसमध्ये माणसांनी जे जे सांडलेलं, ओकलेलं, सीटखाली चिकटवून ठेवलेलं असायचं, ते सगळं तिच्या हातांनी निघायचं. पडदे तीच धुवायची, उसवलेल्या सीटांच्या खोळी तीच शिवायची, काचा तीच पुसायची. तेव्हा तिचा हात चालायचा. निघायची वेळ झाली की सासू अंगणात येऊन म्हणायची, "थोरले, चल, आत." थोरली मागच्या खोलीत जायची आणि सासू दाराला बाहेरून कडी लावायची. ती कडी पाच वर्षांपूर्वी, थोरल्या मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर, मुद्दाम बसवून घेतलेली होती.

त्या रस्त्यावरची सगळीच घरं गाड्यांवर जगणारी. कोणाची बस, कोणाचा ट्रक, कोणाचा टँकर. निघताना घरातल्या नवरा असलेल्या बाईने पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतायचं, आणि विधवेने आत बसायचं, ही रीत सगळीकडे सारखीच. समोर ट्रेलरवाल्याचं घर होतं. त्याची विधवा बहीण त्याच्याकडेच राहायची. पाणी भरताना दोघींची नजरानजर झाली की ती हळूच विचारायची, "आज पाळी कोणाची? तुझी का माझी?" दोघी हसायच्या. हसून झालं की दोघींनाही आपण का हसलो ते कळायचं नाही.

त्या दिवशी पाळी थोरलीची होती. कारखान्यातल्या लोकांची सहल घेऊन बस दुपारनंतर निघणार होती. घाट उतरून समुद्रापर्यंत जायचं, भर उन्हाळ्यात. शिवाय धाकटी जाऊ बाळंतपणाला माहेरी निघाली होती, आणि माहेर वाटेवरच असल्याने तीही त्याच बसने जाणार होती.

थोरली पाण्याचा पाइप घेऊन मागच्या डाव्या चाकापाशी आली. बसला मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर, एकाला लागून एक. त्या दोघांच्या मध्ये एक दगड अडकला होता. पाण्याने निघेना म्हणून तिने काठीने उकरला, तर दगडाबरोबर काळा भुगा निघाला. रबराचा. तिने खाली वाकून पाहिलं. दोन टायरांच्या मधल्या फटीत नेहमी तिची बोटं सहज जायची, आज करंगळीसुद्धा जाईना. आतला टायर बसला होता, त्याचं पोट सुटून बाहेरच्या टायरला घासत होतं.

धाकटा दीर तोंडात ब्रश धरून अंगणात आला. गाडी तोच चालवायचा.

"भाऊजी, जरा इकडे या. हा आतला टायर बघा, बसलाय."

त्याने गुळणी केली, पायरीजवळची टॉमी उचलली आणि त्या लोखंडी दांड्याने बाहेरच्या टायरवर दणका दिला. टायर टण्‌कन वाजला.

"ऐकलंत? खणखणीत."

"तुम्ही बाहेरच्याला मारलंत. आतल्याला मारा."

"आतल्याला दांडा सरळ लागत नाही, वहिनी. बाहेरचा ठीक तर आतला ठीक. जोडीने पळतात ते."

"जोडीतला एक बसला की सगळं ओझं दुसऱ्यावर येतं."

"वा! आता लायसनच काढा तुम्ही," असं म्हणून तो हसला, आणि मग घराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाला, "बाबांसमोर टायरचा विषय काढू नका हां. आज धाकटी पण आहे गाडीत. उगाच नाट नको लागायला."

तो आत गेला. थोरली हातातल्या पाइपाकडे बघत राहिली. पाणी वाहून चिखल झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. घसा बसेपर्यंत ओरडावं आणि समोरच्याने 'काही म्हणालात का?' असं विचारावं, तशी तिची पाच वर्षं गेली होती. अंगात भिनलेली चीड आता तिला चीड म्हणून ओळखूही येत नसे. ती फक्त बादल्या जोरात आपटायची.

*

तिचं लग्न झालं तेव्हा बस थोरला चालवत होता. सासरे त्याच्या शेजारच्या सीटवर बसून जायचे. रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांना टायरची हवा मोजायला कधी यंत्र लागलं नाही. दांड्याने ठोकायचं आणि कानाने ऐकायचं. त्यांचा दुसरा नियम दुपारच्या थांब्याचा. भर उन्हात गाडी थांबली की टायर हाताला चटका देत. उस्ताद प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबून थोडी हवा सोडत. फुस्स. याला ते 'श्वास देणं' म्हणत. "तापल्यावर माणसाला मोकळा श्वास लागतो, तसा टायरला पण लागतो," असं त्यांचं म्हणणं, आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांनी ते उचललं होतं.

थोरल्याला ते पटत नव्हतं. त्याने कुठून तरी हवा मोजायचं पितळी मीटर आणलं. त्यावरून बापलेकांची रोज वाजायची. "माझ्या कानावर भरवसा नाही तुझा?" उस्ताद विचारत, आणि पुढे बोलायची सोय राहत नसे.

मग तो दिवस आला. बस फाटकातून बाहेर पडली, तेव्हा थोरलीला ते मीटर खिडकीत राहिलेलं दिसलं. ती धावत बाहेर आली आणि ओरडली, "अहो, मीटर राहिलं!" बस थांबली नाही. सासूने तिचा दंड धरला, "निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात का?"

त्या दुपारी घाटाच्या उतारावर बसचे मागचे डावे दोन्ही टायर पाठोपाठ फुटले. बस कठड्यावर आदळली. माणसं जखमी झाली, वाचली. थोरला गेला. उस्ताद दुपारच्या थांब्यावरच उतरून दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून ते राहिले.

तेराव्या दिवसाच्या आत घराला कारण सापडलं होतं. मागून हाक मारली. पांढऱ्या पायाची. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवऱ्याला गिळलं. ती मीटर घेऊन धावली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मीटर कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, हाक तेवढी राहिली.

*

काचा पुसून झाल्यावर थोरलीने ट्रंकेतून ते मीटर काढलं, पदराखाली धरलं आणि कोपऱ्यावरच्या हवावाल्याकडे गेली. पंक्चर काढणाऱ्या त्या माणसाला सगळे फुंकर म्हणत. फुंकर टायरच्या रिंगणात बसून चहा पीत होता. तिला बघून तो गडबडीने उठला.

"वहिनी? आज गाडी निघायची ना? आणि तुम्ही बाहेर?"

"अजून निघाली नाही. दादा, हे मीटर चालतंय का बघा."

त्याने एका टायरला लावून पाहिलं. "चालतंय की. चांगली वस्तू आहे. थोरल्याचं ना हे?"

तिने दगड, भुगा, करंगळी, सगळं सांगितलं. फुंकरने कपाळावर हात घासला, तिथे काळा पट्टा उठला.

"झिरपत असणार. रोज खिळा घालून हवा सोडली की व्हॉल्व्हमध्ये कचरा जातो, पिन नीट बसत नाही. मग बंद वाटतो, पण हवा जात राहते."

"पण तापल्यावर थोडी सोडावी लागते, असं म्हणतात ना?"

"कोण म्हणतं?" फुंकर पटकन बोलून गेला, मग थांबला. "हे बघा, टायर पळाला की तापणारच. तापला की आतली हवा फुगते, आकडा चढतो. टायर बनवणाऱ्याने तेवढं धरलेलं असतं. तेव्हा सोडलेली हवा टायर गार झाल्यावर कमी पडते. कमी हवेचा टायर पळताना मुरगळतो, मुरगळला की आणखी तापतो. दुसऱ्या दिवशी अजून सोडा. असं करत करत त्याची बाजू आतून शिजते. बाहेरून काही दिसत नाही. मोजायची ती सकाळी, गाडी गार असताना. तापलेल्याला हात लावायचा नाही."

थोरली मीटर हातात फिरवत राहिली. तिच्या मनात जे येत होतं ते तिला विचारायचं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"दादा, त्या दिवसाचे टायर तुमच्याकडेच आणले होते ना?"

फुंकरने चहाचा पेला खाली ठेवला.

"खरं सांगा."

"आतला शिजून पार भुगा झाला होता, वहिनी. हातात घेतला तर बाजू कापडासारखी लोंबली. आतला बसला, सगळा भार बाहेरच्यावर आला, मग तोही गेला. त्या दुपारी पण थांब्यावर श्वास दिला होता, उस्तादांनी स्वतः. मी त्यांना दाखवलं तेव्हा म्हणाले, 'झालं ते झालं. कोणाला बोलू नकोस. बोलून पोरगा परत येणार आहे का?'"

"आणि घरी माझ्या पायाला..."

"माहीत होतं मला." तो खाली बघत होता. "त्यांच्या ओळखीने इथल्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात. गप्प बसलो. आमची ही मला अजून ऐकवते त्यावरून."

थोरलीला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं, असं काही कळलं तर आपण कोसळू. उलट तिला खूप राग आला, इतका की समोरच्या टायरला लाथ मारावीशी वाटली. मारलीही. पायाचा अंगठा ठेचला.

"त्याची काय चूक त्यात?" फुंकर कळवळून म्हणाला.

"माझी काय होती?" ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

*

पुरुष जेवायला बसले तेव्हा तिने वाढता वाढता विषय काढला. मुद्दाम साध्या आवाजात काढला.

"बाबा, मागचा डावा आतला टायर बसलाय. निघायच्या आधी हवा मोजून घ्यायला हवी."

धाकट्याचा घास हातात राहिला. तो तिला डोळ्यांनी खुणावत होता, नको, नको.

"कोणी सांगितलं?" उस्तादांनी विचारलं.

"मी पाहिलं. हवावाल्या दादांनाही विचारून आले."

"गाडी निघायच्या दिवशी तू उंबरा ओलांडून त्याच्या दुकानात गेलीस?"

"गाडी निघणार म्हणूनच गेले."

"उभं आयुष्य चाक हातात धरलं मी." उस्तादांचा आवाज चढला. "किती घाट उतरलो त्याची मोजदाद नाही. आता बायामाणसं मला टायर शिकवणार? सकाळीच ठोकून बघितलाय त्याने. आणि थांब्यावर श्वास दिला की..."

"तापलेल्या टायरची हवा काढायची नसते, बाबा."

"पुरे!" सासूने पळी भांड्यावर आपटली. "ज्या तोंडाने त्या दिवशी मागून हाक मारलीस, त्या तोंडातून चाकाचं नाव नको मला. पोटुशी बाई निघालीय आज. तुला काही कसं वाटत नाही?"

धाकटी कोपऱ्यात पोटावर हात ठेवून बसली होती. ती थोरलीकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. ती टायरची होती की थोरलीची, ते सांगता आलं नसतं.

थोरलीच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर ताटं जागच्या जागी राहिली असती. पण तिने पाहिलं, उस्तादांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तिला वाटलं, यांना आठवलंय. आता हे स्वतः उठून बघतील. या आशेवर तिने ते वाक्य गिळलं.

जेवण झाल्यावर उस्ताद खरंच अंगणात गेले. ती खिडकीतून बघत होती. ते मागच्या डाव्या चाकापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी बाहेरच्या टायरवर दांडा मारला, टण्‌ आवाज ऐकला, मान हलवली आणि ओसरीत येऊन आडवे झाले. थोड्याच वेळात घोरू लागले.

त्या घोरण्याने थोरलीचा उरलासुरला संयम सुटला.

*

ऊन कलायला लागलं तशी माणसं जमली. पिशव्या, टोप्या, रडणारी मुलं, 'खिडकी माझी' म्हणून भांडणारे नवरा-बायको. एक पर्सवाल्या बाई सगळ्यांच्या जागा ठरवत होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं. धाकटी तांब्या घेऊन पुढच्या चाकापाशी उभी होती.

"थोरले, चल, आत," सासू म्हणाली.

थोरली मागच्या खोलीपर्यंत गेली. सासू कडीला हात घालणार तोच तिने दारात पाय रोवला.

"आई, आज कडी नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत बसणार नाही. बसले आणि घाटात काही झालं, तर उद्या या खोलीत मला सोबत येईल. धाकटीला पण तुम्ही इथेच बसवाल, याच कडीमागे. तिचं काय चुकलं म्हणून सांगाल? पाणी कमी ओतलं?"

सासूचा हात कडीवरून सुटला. थोरली तिच्या बाजूने निघाली आणि भरल्या अंगणातून चालत मागच्या डाव्या चाकापाशी जाऊन मातीत बसली.

कुजबुज तिच्या मागोमाग आली. "तीच ना ही?" "निघायच्या वेळी?" "अहो, कोणीतरी उठवा तिला." तिने रिमच्या भोकातून हात आत घातला. तिचं मनगट बारीक होतं म्हणून हात कोपरापर्यंत गेला. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हचं टोपण तिने चाचपडत काढलं आणि मीटर दाबलं. पितळी दांडीवर आकडा आला. शंभर पौंड हवी, तिथे चाळीससुद्धा नव्हती.

"ऊठ तिथून!" उस्ताद दांडा घेऊन आले. दांडा ते उगारणार नव्हते, तो नेहमीच त्यांच्या हातात असायचा, पण मुलं घाबरून मागे सरली.

"उठते. आधी हे बघा."

"ते मीटर बिघडलंय. पाच वर्षं ट्रंकेत सडलंय."

"बरं." तिने तेच मीटर बाहेरच्या टायरला लावलं. नव्वदीच्या जरा खाली. "एकच मीटर आहे, बाबा. बिघडलं असेल तर दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल ना?"

धाकटा ड्रायव्हरच्या दारातून उतरून आला. त्याने तिच्या हातातून मीटर घेतलं, स्वतः वाकला, हात ओरबाडत आत घातला आणि आकडा वाचला. दोनदा वाचला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू गेलं होतं.

"बाबा, बरोबर आहे. आणि मी काल पण श्वास दिला होता याला."

"मग? आजवर काय बिघडलं देऊन?"

"काय बिघडलं?" थोरली उठून उभी राहिली. तिच्या साडीला ग्रीस लागलं होतं. "ते मी सांगू का तुम्ही सांगता? त्या दिवसाचा टायर फुंकरदादांनी तुम्हाला दाखवला होता."

बसमधलं एक तान्हं मूल तेवढं रडत होतं.

सासू पुढे आली. "काय दाखवलं होतं? अहो? काय म्हणतेय ही?"

उस्तादांनी दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग परत पहिल्या हातात. शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "सांगून पोरगा परत येणार होता का?"

एवढंच म्हणाले. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला तेवढं पुष्कळ होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग थोरलीकडे, मग तिच्या ग्रीसने माखलेल्या हाताकडे.

"पोरगा येणार नव्हता," ती म्हणाली. "पण ही बाहेर आली असती."

*

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसं एवढ्या लवकर शहाणी होत नाहीत.

फुंकरला बोलावलं. त्याने जॅक लावून चाक उतरवलं, टायर पालथा केला. आतल्या बाजूला रबर भाजल्यासारखं झालं होतं, अंगठ्याने दाबलं तर तुकडा हातात आला. "हा घाट उतरला नसता," तो म्हणाला. धाकटीने ते ऐकलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. फुंकरने स्टेपनी चढवली, सगळ्या टायरांची हवा नीट केली, व्हॉल्व्हच्या पिना बदलल्या. लोक ओळीने उभे राहून तो तुकडा हाताळत होते आणि हळहळत होते.

आणि मग पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "आम्ही काही या गाडीने येत नाही."

"टायर बदलला, बाई. आता काही भीती नाही," धाकटा समजावू लागला.

"टायरचं कोण बोलतंय? निघायच्या वेळी विधवेचा हात लागला चाकाला. माझी लहान मुलं आहेत हो."

त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब पिशव्या घेऊन उतरलं. आदल्या घटकेपर्यंत ही सगळी माणसं शिजलेल्या टायरवर निवांत बसायला तयार होती, खिडकीसाठी भांडत होती. ज्या हाताने ते ओळखलं त्या हाताचा मात्र त्यांना विटाळ झाला. थोरलीला हसू आलं, आणि त्याच वेळी आपलं डोकं बसच्या पत्र्यावर आपटून घ्यावंसं वाटलं. पाच वर्षं आत बसून तिला वाटत होतं, खरं काय ते एकदा बाहेर येऊ दे, मग सगळे खजील होतील. खरं बाहेर आलं होतं, आणि पर्सवाल्या बाई रिक्षा शोधत होत्या.

"जाऊ दे त्यांना," सासू म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

बस निघायच्या आधी धाकटीने तांब्या थोरलीपुढे धरला. "ताई, आज तुम्हीच ओता."

"नको गं. ते पिण्यासाठी बरोबर घे. ऊन आहे, आणि तुम्ही दोघं आहात." तिने मीटर धाकट्याच्या हातात दिलं. या वेळी ते खिडकीत राहिलं नाही.

बस फाटकातून बाहेर पडली. थोरली अंगणात उभी राहून ती वळेपर्यंत बघत होती. पाच वर्षांत तिने या बसची मागची बाजू अशी जाताना पाहिलीच नव्हती.

*

संध्याकाळी घरात तिघंच होती. उस्ताद ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. सासू मागच्या खोलीच्या दाराशी पेचकस घेऊन खटपट करत होती. कडीचे स्क्रू गंजले होते, फिरत नव्हते.

फोन वाजला. धाकटा होता. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"वहिनी, थांब्यावर आलोय. घाट उतरलो नीट. पण टायर फार तापलेत हो. मीटर लावलं तर आकडा शंभराच्या बराच वर गेलाय. भीती वाटतेय. थोडी सोडू का?"

"हात लावू नका, भाऊजी!" ती इतक्या जोरात म्हणाली की सासूच्या हातातला पेचकस थांबला. "तापल्यावर चढतोच आकडा. तेवढं त्याला झेपतं. चहा प्या, माणसांना पाय मोकळे करू द्या. सकाळी गार झाल्यावर मोजा आणि मला सांगा. आतल्याला विसरू नका."

"बरं. धाकटी पोचली माहेरी. तुम्हाला सांग म्हणाली."

तिने फोन ठेवला. ओसरीत उस्तादांनी मान वळवली होती. ते ऐकत होते. त्यांनी क्षमा मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. ते उठले, हातातली टॉमी त्यांनी मागच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवली आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सासूने दांडा उचलला, कडीत अडकवला आणि सगळा भार देऊन ओढला. कडी लाकडाच्या ढलप्यासकट निघाली. दाराला तिथे ओबडधोबड खड्डा पडला. तो अजूनही बुजवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली पाणी भरत होती. सकाळीच धाकट्याने आकडे कळवले होते, सगळे ठीक होते. समोर ट्रेलर गुरगुरत उभा होता. ट्रेलरवाला दांड्याने टायर ठोकत फिरत होता. बाहेरचे, फक्त बाहेरचे. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. घरातून कोणीतरी त्याच्या बहिणीला म्हणालं, "चल गं, आत हो," आणि मागच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

थोरलीने बादली खाली ठेवली. फुंकरचं दुकान उघडलेलं होतं. तिने त्याच्याकडून मीटर मागून घेतलं, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून ती सरळ त्या बंद दाराकडे गेली. आधी तिला तिथून एक माणूस सोबत घ्यायचं होतं. टायर बरेच होते.